घरच्या मिलिंग मशिनला संगणक कसा जोडला गेला

मिलिंग मशिनमध्ये कटर स्पिंडलवर फिरतो आणि टेबलाला बांधलेला जॉब त्याच्याखाली सरकतो. टेबल डावी-उजवीकडे सरकते तो एक्स अक्ष, पुढे-मागे सरकते तो वाय आणि वर-खाली होणारी हालचाल हा झेड अक्ष. प्रत्येक अक्षाला हँडल, हँडलाने फिरून टेबल सरकवणारा स्क्रू आणि हँडलाशी आकडे कोरलेला डायल असतो. कारागीर डायल पाहत हँडल फिरवतो. सरळ खाच पाडायला एक हँडल पुरते. मनाजोगती वक्र कड कापायची तर दोन हँडले क्षणाक्षणाला बदलणाऱ्या प्रमाणात एकदम फिरवावी लागतात, आणि ते हाताला साधत नाही. हँडलांच्या जागी मोटरी बसवून त्यांचे फिरणे संगणकाकडे सोपवणे म्हणजे मशिनचे सीएनसी रूपांतर. कारखान्यांत ही कल्पना १९५० च्या दशकात आली. बाकावर मावणाऱ्या लहान मशिनपर्यंत पोहोचायला तिला जवळजवळ अर्धे शतक लागले, कारण गणित, आज्ञांची भाषा, मोटर, संगणक आणि स्क्रू हे पाच प्रश्न वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या ठिकाणी सुटत गेले.

सुरुवात गणितापासून झाली. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटीत जॉन पार्सन्स यांचा कारखाना हेलिकॉप्टरची पाती बनवत असे. पात्याच्या छेदाचा आकार तपासायला अचूक टेम्प्लेट लागत. पार्सन्स यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी आयबीएमच्या पंचकार्ड यंत्रांवर त्या वक्राचे पुष्कळ जवळजवळचे बिंदू मोजून काढले. मग एक जण आकडे वाचून दाखवी आणि दोघे जण एकेका हँडलावर उभे राहून टेबल त्या-त्या बिंदूवर नेत. हीच रीत यंत्राकडे सोपवण्याची कल्पना पार्सन्स यांनी अमेरिकी हवाई दलापुढे मांडली आणि १९४९ मध्ये त्यांना कंत्राट मिळाले. त्यातले नियंत्रणाचे काम मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेकडे गेले. सिनसिनाटी कंपनीचे हायड्रोटेल हे मोठे मिलिंग मशिन घेऊन सप्टेंबर १९५२ मध्ये तिथे पहिले जाहीर प्रात्यक्षिक झाले. भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून आज्ञा वाचल्या जात आणि तीन अक्ष एकाच वेळी हलत. नियंत्रकात शेकडो व्हॅक्यूम ट्यूब होत्या. पार्सन्स आणि स्टुलेन यांना त्यांच्या पद्धतीचे पेटंट १९५८ मध्ये मिळाले.

पट्टीवरची भोके हाताने आखणे जिकिरीचे होते. म्हणून एमआयटीमध्येच डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली एपीटी ही संगणकभाषा तयार झाली. भागाचा आकार आणि कटरचा मार्ग शब्दांत लिहिला की संगणक त्याचे बिंदू काढून देई. १९५९ मध्ये ती पत्रकारांना दाखवताना याच पद्धतीने कापलेले ॲल्युमिनियमचे रक्षापात्र त्यांना भेट दिले गेले. एपीटीला त्या काळचा मोठा संगणक लागे. मशिनपाशी पोहोचणाऱ्या आज्ञा मात्र पुष्कळ साध्या होत्या. इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनच्या आरएस-२७४ या मानकाने त्यांना ठरीव रूप दिले, आणि त्याची ‘डी’ आवृत्ती १९८० मध्ये मंजूर झाली. हाच जी-कोड. जी० म्हणजे जलद सरकणे, जी१ म्हणजे ठरलेल्या फीडने सरळ रेषेत कापणे, जी२ आणि जी३ म्हणजे वर्तुळाकार कंस, एम३ म्हणजे स्पिंडल चालू. पुढे घरगुती मशिनांसाठी जे-जे नियंत्रक तयार झाले, त्यांना नवी भाषा शोधावी लागली नाही.

१९७० च्या दशकात नियंत्रकात लहान संगणक आणि त्यामागून मायक्रोप्रोसेसर आले. जपानची फानुक कंपनी १९७२ मध्ये फुजित्सूपासून वेगळी झाली आणि नियंत्रकांच्या बाजारात आघाडीवर गेली. तरी असा नियंत्रक हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरच होता. घरी छोटी इंजिने आणि आगगाडीच्या प्रतिकृती बनवणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. इंग्लंडमध्ये ‘मॉडेल इंजिनिअर’ हे त्यांचे नियतकालिक १८९८ पासून निघत आले. पण या मंडळींचे मिलिंग हाताचेच राहिले.

त्यांच्यासाठी पहिली वाट भंगारातून निघाली. कनेक्टिकटच्या ब्रिजपोर्ट कंपनीचे १९३८ चे उभे मिलिंग मशिन जगभर टूलरूमचे नेहमीचे यंत्र झाले होते. पुढे कंपनीने त्याची स्टेपर मोटरींवर चालणारी संगणकीय आवृत्ती काढली. काही वर्षांनी तिचे इलेक्ट्रॉनिक्स बंद पडे आणि सुटे भाग मिळत नसत. लोखंड मात्र धडधाकट असे. अशी मशिने स्वस्तात विकली जात. ती घेऊन जुना नियंत्रक काढून टाकायचा आणि त्या जागी घरचा पीसी जोडायचा, हा उद्योग काहींनी सुरू केला.

दुसरी वाट लहान मशिनांची होती. कॅलिफोर्नियातली शेरलाइन कंपनी बाकावरची छोटी लेथ आणि मिलिंग मशिने बनवत होती. तिने पुढे मोटर बसवण्याची सोय असलेली मिलिंग मशिनेही विकायला काढली. शांघायच्या सीग कंपनीची एक्स२ आणि एक्स३ ही मॉडेले अमेरिका आणि युरोपात निरनिराळ्या विक्रेत्यांच्या नावांनी आणि रंगांनी खपली. ही यंत्रे स्वस्त होती, पण त्यांची जोडणी ढिली असे. त्यामुळे मशिन आणले की आधी ते पूर्ण खोलून, साफ करून, घासून नीट बसवण्याची रीत पडली. खोललेच आहे तर मोटरीही बसवाव्यात, या विचाराने पुष्कळांनी रूपांतराला हात घातला.

मोटरचा प्रश्न स्टेपरने सोडवला. नेहमीची स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते, म्हणजे प्रत्येक पावलाला १.८ अंश फिरते. पाच मिलिमीटर लीडच्या, म्हणजे एका फेऱ्यात टेबल तेवढे सरकवणाऱ्या, स्क्रूवर एका पावलात टेबल ०.०२५ मिलिमीटर सरकते. मोटर चालवणाऱ्या सर्किटने, म्हणजे ड्रायव्हरने, पावलाचे दहा तुकडे केले तर कागदोपत्री हा आकडा ०.००२५ मिलिमीटरवर येतो. टेबल खरोखर कुठे पोहोचले हे सांगणारा सेन्सर इथे नसतो. पाठवलेली पावले मोजली की जागा कळली, असे मानले जाते. त्यामुळे खर्च वाचतो. पण कटर अडकून मोटरने पावले चुकवली तर संगणकाला पत्ताही लागत नाही आणि पुढचा सगळा जॉब तेवढ्याने सरकतो. सुरुवातीचे हौशी लोक जुन्या प्रिंटरमधल्या मोटरी काढून वापरत. पुढे नेमा-२३ मापाच्या मोटरी आणि तयार ड्रायव्हर सहज मिळू लागले.

मोटरींना आज्ञा द्यायला पीसीचा पॅरलल पोर्ट मिळाला. प्रिंटरसाठी असलेल्या या २५ पिनांच्या पोर्टमध्ये माहिती बाहेर पाठवणाऱ्या आठ पिना होत्या. प्रत्येक मोटरला दोन पिना लागतात. एक पाऊल टाकायला सांगते, दुसरी दिशा दाखवते. म्हणजे आठ पिनांत चार अक्ष बसत. आत येणाऱ्या पाच पिना लिमिट स्विच आणि इमर्जन्सी स्टॉपच्या कामी येत. अडचण वेळेची होती. वरच्याच स्क्रूवर मिनिटाला १००० मिलिमीटर वेग हवा असेल, तर सेकंदाला सुमारे ६,७०० पल्स एकसारख्या अंतराने जाव्या लागतात. पीसी मध्येच दुसऱ्या कामात गुंतला तर मोटर थबकते. डॉसच्या काळात एकच प्रोग्राम सगळा संगणक ताब्यात घेई, त्यामुळे हे जमून जाई. विंडोजखाली ते अवघड झाले.

इथे उपयोगी पडले ते अमेरिकी सरकारचे काम. कारखान्यांतले नियंत्रक बंदिस्त असत आणि एका कंपनीचे दुसऱ्याशी जुळत नसत. त्यावर उपाय म्हणून एनआयएसटी या मानक संस्थेने १९९० च्या दशकात ‘एनहान्स्ड मशिन कंट्रोलर’, अर्थात ईएमसी, हे खुले सॉफ्टवेअर लिहिले आणि जनरल मोटर्सच्या पाँटिॲक येथील कारखान्यात ते चालवून पाहिले. सरकारी काम असल्याने त्यावर कॉपीराइट नव्हता. स्वयंसेवकांनी ते उचलले, रिअल-टाइम लिनक्सवर चालते ठेवले आणि वाढवले. ईएमसी याच नावाच्या बड्या संगणक कंपनीने हरकत घेतल्यावर ते ‘लिनक्ससीएनसी’ झाले. याच पायावरून निघून आर्ट फेनर्टी यांनी विंडोजवर चालणारी माक मालिका तयार केली. तिच्यातला माक३ हा प्रोग्राम दशकभर घरगुती कार्यशाळांमध्ये सर्रास दिसे.

गणित, भाषा, मोटर आणि संगणक हाती आल्यावर उरला तो स्क्रू. स्वस्त मशिनच्या साध्या स्क्रूत आणि नटात थोडी मोकळी जागा असते. हँडलाची दिशा बदलली की टेबल हलण्याआधी हँडल थोडे रिकामे फिरते. हा बॅकलॅश. हाताने काम करणारा तो सांभाळून घेतो. तो नेहमी एकाच बाजूने मापावर येतो आणि कटरच्या विरुद्ध फीड देतो. संगणकाच्या कामात हे चालत नाही. वर्तुळ कापताना चार ठिकाणी कुठला ना कुठला अक्ष उलटा वळतो आणि त्या चारही ठिकाणी जॉबवर पायरी उमटते. कटरच्या दिशेनेच फीड दिला तर कटर टेबलाला आपल्याकडे ओढतो, मोकळी जागा एका झटक्यात संपते आणि कधी कटरच तुटतो. सॉफ्टवेअर उलट वळताना जास्तीची पावले टाकून माप जुळवू शकते, पण हा झटका त्याला थोपवता येत नाही.

यावरचा खरा इलाज म्हणजे बॉलस्क्रू. त्यात स्क्रू आणि नट यांच्यामध्ये पोलादी गोळ्या फिरत राहतात, त्यामुळे घर्षण आणि मोकळी जागा दोन्ही घटतात. ग्राइंड केलेले बॉलस्क्रू महाग होते. तैवान आणि चीनमधून रोल केलेले स्क्रू येऊ लागले, तेव्हा १६ मिलिमीटर व्यासाचा, ५ मिलिमीटर लीडचा स्क्रू हे घरगुती रूपांतराचे जवळजवळ ठरलेले माप झाले. तो बसवायला नटाची जागा वाढवणे, टोकांना थ्रस्ट बेअरिंगे देणे, मोटरसाठी प्लेट कापणे आणि कपलिंग एका रेषेत आणणे ही कामे करावी लागतात. सीग एक्स२ मध्ये तर झेड अक्षाला स्क्रूच नसून रॅक-पिनियन असते. तिथे सगळी रचना नव्याने करावी लागते. शिवाय बॉलस्क्रू वजनाने उलटा फिरतो. वीज गेली की हेड आपोआप खाली येऊ नये म्हणून गॅस स्प्रिंग किंवा प्रतिवजन देतात. टेबल ज्या तिरप्या कडांच्या डोव्हटेल खाचांत सरकते, त्यांतली ढिलाई काढणाऱ्या जिब पट्ट्या नीट आवळलेल्या नसतील, तर उत्तम बॉलस्क्रू लावूनही टेबल डुलते.

पुढचा बदल पुन्हा संगणकाच्या बाजूने आला. पीसीतून पॅरलल पोर्ट नाहीसा झाला आणि माक३ चा पोर्ट चालवणारा ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चालेना. त्याच सुमारास, २००९ मध्ये, नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरूड यांनी ‘जीआरबीएल’ लिहिले. हा नियंत्रक ३२ किलोबाइट स्मृतीच्या आर्डुइनो बोर्डात मावतो आणि सेकंदाला ३०,००० पर्यंत पल्स देतो. पीसीने फक्त जी-कोडच्या ओळी यूएसबीवरून पाठवायच्या, वेळेचा हिशेब बोर्ड सांभाळतो.

एमआयटीच्या १९५२ च्या प्रात्यक्षिकाला पन्नास वर्षे झाली, त्या वर्षी याच संस्थेच्या सहकार्याने पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात फॅब लॅब सुरू झाली. अमेरिकेबाहेरच्या सुरुवातीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. लहान, संगणकावर चालणारी यंत्रे गावातल्या विद्यार्थ्यांच्या हाती देणे हा तिच्या कामाचा एक भाग आहे.

आज तयार लहान सीएनसी मशिने बाजारात मिळतात, त्यामुळे केवळ काम उरकण्यासाठी रूपांतर करण्याची गरज कमी झाली आहे. या इतिहासातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. सत्तर वर्षांत नियंत्रकाची किंमत कोसळली, पण स्क्रू, बेअरिंग आणि जिब यांची अचूकता आजही मेहनतीनेच मिळवावी लागते. रूपांतर करू पाहणाऱ्याने पैसा आणि वेळ आधी तिथे घालावा; बोर्ड आणि सॉफ्टवेअर नंतर केव्हाही बदलता येतात.