पुराची रेघ आणि माझं उचंत खातं

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'काका, जुन्या पुण्याच्या आठवणी लिहा' असा समितीचा निरोप आला आणि मी लगेच हो म्हणून बसलो. पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाला आठवणी विचारायच्या म्हणजे त्याच्या आवडीच्या दुखण्यावर बोट ठेवण्यासारखंच आहे. शिवाय माझ्याकडे भांडवलही होतं. बँकेच्या नोकरीत बदलीच्या गावाहून सुटीवर पुण्याला आलो की अप्पा बळवंत चौकात एक चक्कर ठरलेली. शाळांच्या शताब्दी स्मरणिका, गणेश मंडळांचे अहवाल, दिवाळी अंक, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, जे मिळेल ते घेऊन यायचो. सगळं मिळून आज एक पत्र्याची ट्रंक भरली आहे. घरात तिचं अधिकृत नाव 'रद्दी' असं आहे.

आपल्या गावाविषयी लिहायची पुणेकरांची हौस जुनी आहे. ना. वि. जोशी यांचं 'पुणे शहराचे वर्णन' १८६८ साली छापलं गेलं. तेव्हापासून 'आमच्या वेळचं पुणं राहिलं नाही' हे वाक्य कोणी ना कोणी लिहितच आलं असावं. मीही ते साहित्य याच चवीने वाचत आलो. कुठलं थिएटर कुठे होतं, वाड्यात किती बिऱ्हाडं होती, टांग्याला काय पडायचं. वाचावं, उसासा टाकावा आणि ट्रंक बंद करावी.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे हा क्रम मोडला. खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं गेलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. आपल्या सोसायटीवर तेवढी वेळ आली नाही, पण पार्किंगमध्ये पाणी आलं. दुचाकी आडव्या झाल्या, लिफ्ट बंद, पंप बंद. मेणबत्ती घेऊन जिन्यात बसलो होतो तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या एका तरुण सभासदाने मला विचारलं, "काका, तुम्ही एवढं जुनं वाचता. इथे पूर्वी पाणी आलं होतं का हो?"

मला उत्तर देता आलं नाही. ट्रंकेत इतके अंक होते, पण हा प्रश्न मनात धरून मी एकही उघडला नव्हता.

पुढच्या रविवारी ट्रंक सोसायटीच्या हॉलमध्ये उतरवली. आठ-दहा जण जमलो. पानशेतवर जे जे छापलेलं होतं ते बाजूला काढून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ज्यांचा जन्म नंतरचा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आंबी नदीवरचं पानशेत धरण मातीचं, काम पुरतं झालेलं नव्हतं, आणि त्याच पावसाळ्यात त्यात पाणी साठलं. ११ जुलै १९६१ च्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून ते तगवून धरलं. १२ तारखेला, बुधवारी, सकाळी ते फुटलं. तेच रात्री फुटलं असतं तर गाव झोपेत सापडलं असतं. ते पाणी खाली खडकवासल्यावर आलं. ऐंशी वर्षांच्या घरातलं ते दगडी धरण काही तास टिकलं आणि दुपारी तेही गेलं. लकडी पूल पाण्याखाली गेला. ओंकारेश्वर बुडालं. नारायण, शनिवार, कसबा, सगळ्या नदीकाठच्या पेठांत वाडेच्या वाडे बसले. आणि शहराचं पिण्याचं पाणी खडकवासल्याचंच, त्यामुळे गाव पुरात बुडालं आणि दुसऱ्या दिवशी घोटभर पाण्यासाठी जुन्या विहिरींवर आणि हौदांवर रांगा लागल्या.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आम्ही शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या जवळ राहायचो. त्या रविवारी मी नेहमीची गोष्ट सांगितली. लकडी पुलाच्या अलीकडे उभा होतो आणि पाण्याची भिंत चालत येताना पाहिली. ही गोष्ट मी साठ वर्षं सांगत आलोय. लग्नात, बँकेच्या ट्रेनिंगला, नातवंडांना.

नंतर एकाने एका जुन्या पुरवणीतली आठवण वाचून दाखवली. तिच्यात भिंत वगैरे काही नव्हती. पाणी आधी गटारांतून वर आलं, मग बोळात, मग पायरी पायरी चढत गेलं, असं होतं. मला जरा राग आला. घरी येऊन ताईला फोन लावला. ती आता एक्याऐंशी वर्षांची आहे, पण स्मरणशक्ती खणखणीत. ती म्हणाली, "अरे, तू कुठला बघतोयस? तुला आणि मला आईने सकाळीच शुक्रवारात मामाकडे नेलं होतं. पाण्याची भिंत दादा सांगायचे. आणि त्यांनीही ती पाहिली की नाही देव जाणे, ते गच्चीवर होते."

फोन ठेवला आणि गप्प बसलो. दादा जाऊन तीस वर्षं झाली. त्यांची आठवण मी माझ्या नावावर जमा करून घेतली होती, आणि तीही न तपासता! बँकेत ज्या रकमेचा मेळ लागत नाही ती उचंत खात्यात टाकतात आणि रोज त्या खात्याकडे बघत राहतात. माझं हे खातं साठ वर्षं कोणी तपासलंच नाही.

मग मी खरंच काय पाहिलं? शांतपणे आठवल्यावर सापडलं ते असं. चौथ्या दिवशी आम्ही परत आलो तेव्हा घोट्याच्या वर चिखल होता. भिजून फुगलेल्या ज्वारीचा आंबूस वास. माझी शाळेची पुस्तकं एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. आई आजोबांचा फोटो पदराने पुसत होती, आणि पुसता पुसता चिखलाबरोबर फोटोतला चेहराही निघून आला. ती काही बोलली नाही. नुसती चौकट तिने परत खुंटीला लावली. ही आठवण मी कधीच कुणाला सांगितली नव्हती. त्यात पाण्याची भिंत नव्हती ना.

तिसऱ्या रविवारी आणखी एक भर पडली. हॉलमध्ये चहा द्यायला आलेल्या, आपल्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी वाचन ऐकत दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "आमच्या आईचं घर नदीला लागूनच होतं. तिला नंतर त्या अर्धगोल घरात जागा मिळाली. भिंतच वाकडी, कपाट काही लागायचं नाही. जन्मभर ट्रंकाच वापरल्या तिने." पूरग्रस्तांच्या वसाहतीतली ती अर्धगोल घरं आमच्या पिढीने बाहेरून पाहिलेली. आत कपाट लागत नाही हे माझ्या ट्रंकेतल्या एकाही अंकात मला सापडलं नाही. वाड्यांच्या आठवणी वाडेवाल्यांनी लिहिल्या. झोपडीतल्या माणसाकडे कोणी लेख मागायला गेलं नाही.

'सहकारी गृहरचना संस्था' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले तेही त्या पुरानंतरच. घरं गेलेल्या लोकांच्या अशा शंभराहून अधिक संस्था पुण्यात उभ्या राहिल्या. सहकारनगर हे नाव त्याच काळाची आठवण देतं. म्हणजे आपण ज्या पद्धतीने एकत्र राहतो, मेंटेनन्सवरून भांडतो आणि सर्वसाधारण सभेत पुन्हा चहा पितो, त्या पद्धतीशी माझ्या पिढीची ओळख चिखलातून झाली.

आणि त्या तरुण सभासदाचा प्रश्न? जुन्या अंकांत आपला हा भाग भेटतो तो विठ्ठलवाडीच्या देवळापुढची शेतं आणि मळे म्हणून. शेतात पाणी आलं तर त्याची बातमी होत नाही, म्हणून आपल्याला वाटलं इथे पाणी येतच नाही. आज नदीकाठच्या नकाशावर दोन रेषा असतात. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपल्या सोसायटीला २५ वर्षं झाली. फ्लॅट घेताना आपल्यापैकी किती जणांनी तो नकाशा मागितला होता? मी नव्हता मागितला. आयुष्यभर लोकांच्या कर्जाची कागदपत्रं तपासली, आणि स्वतःच्या घराच्या वेळी टाइल्सचा रंग बघत बसलो.

म्हणून समितीपुढे दोन साध्या सूचना ठेवल्या आणि दोन्ही मान्य झाल्या. पहिली, पार्किंगच्या चौथ्या खांबावर २०२४ च्या पाण्याची रेघ ऑइलपेंटने मारायची, तारखेसकट. पुढे खांब रंगवताना ती पुसायची नाही. दुसरी, ऑफिसात एक जाड वही ठेवायची. तिच्यात तीन रकाने: स्वतः पाहिलेलं, घरच्यांकडून ऐकलेलं, छापलेलं वाचलेलं. प्रत्येकाने आपली आठवण योग्य त्या रकान्यात लिहायची. मावशींची आठवण त्यांनी सांगितली तशी मी उतरवून घेतली आहे, त्यांची सही घेऊन.

पाण्याची भिंत मी दुसऱ्या रकान्यात लिहिली, दादांच्या नावे. पहिल्या रकान्यात आईची ती रिकामी चौकट आहे. पुढचं पान कोरं आहे. वही सकाळी दहा ते एक उघडी असते, पेन दोरीला बांधलेलं आहे. जरूर या.