बार्न रूपांतर (सुट्टीनिवास)

बार्न ही धान्य, पेंढा व वाळलेले गवत साठवण्यासाठी शेतावर बांधलेली कोठाराची इमारत होय. वापरातून गेलेल्या अशा इमारतींत फेरफार करून त्या पर्यटकांना भाड्याने देण्याची प्रथा इंग्लंडच्या ग्रामीण भागात रूढ आहे. या प्रकारच्या निवासाला तेथे ‘सेल्फ-केटरिंग कॉटेज’ म्हणतात. भांडीकुंडी, शेगडी व फ्रिज मालक पुरवतो. स्वयंपाक पाहुण्यांनी स्वतः करावयाचा असतो.

मूळ इमारत

मळणीच्या बार्नमध्ये मधोमध समोरासमोर दोन उंच दरवाजे असत. त्यांच्यामधील जमिनीवर हिवाळ्यात हातांनी मळणी चाले, आणि दोन्ही दारे उघडली की वाऱ्याच्या झोताने कोंडा उडून जाई. दोन्ही बाजूंच्या खणांत पेंढ्या रचत. भिंतींना खिडक्या नसत, केवळ हवेसाठी अरुंद फटी ठेवत. आढ्याखालच्या त्रिकोणी भिंतीत काही ठिकाणी घुबडांसाठी मुद्दाम भोक ठेवलेले आढळते, कारण उंदरांचा बंदोबस्त त्यांच्याकडून होई.

१७८६ मध्ये स्कॉटलंडच्या अँड्र्यू मिकल याने मळणीयंत्र तयार केले. यंत्रामुळे हिवाळ्यातील मजुरी बुडाल्याने १८३० च्या ‘स्विंग’ दंगलींत शेतमजुरांनी अशी यंत्रे फोडली. विसाव्या शतकात कापणी व मळणी एकत्र करणारी यंत्रे आणि लोखंडी पत्र्याच्या प्रशस्त शेड आल्यावर जुने बार्न निरुपयोगी ठरले.

यॉर्कशायर डेल्समधील दगडी बार्न वेगळे आहेत. ते गावात नसून थेट कुरणात उभे असतात. तेथे गवत साठवून त्याच छपराखाली हिवाळाभर गुरे बांधली जात व शेणखत जवळच्याच कुरणात पसरले जाई. स्वेलडेल व आर्केनगार्थडेल येथील बार्न आणि दगडी कुंपणे १९८९ पासून संरक्षित क्षेत्रात मोडतात.

रूपांतरातील पेच

अखंड उंची आणि आंधळ्या भिंती हे बार्नचे वैशिष्ट्य. घराला मात्र खोल्या व उजेड लागतो. मळणीच्या दारांच्या जागी काच बसवून उजेड आत घेणे हा त्यातल्या त्यात सौम्य उपाय होय. छपरात खिडक्यांची रांग आणि दारात हिरवळ व वाहनतळ आला, की बाहेरून बार्न ओळखू येत नाही. वटवाघळे व गव्हाणी घुबड यांना १९८१ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण असल्याने त्यांचा वावर असलेल्या इमारतीत कामापूर्वी पाहणी करावी लागते.

परवानगी आणि कर

२०१४ पासून इंग्लंडमध्ये शेतीच्या इमारतींचे घरांत रूपांतर करण्याची प्रक्रिया सुलभ झाली. राष्ट्रीय उद्यानांना ती सवलत नाही. इमारत मुळात रूपांतरास योग्य असली पाहिजे. केवळ सांगाड्याभोवती नवे घर उभारणे हे रूपांतर नव्हे, असा उच्च न्यायालयाचा २०१६ चा निर्णय आहे.

अनेक परवानग्यांत इमारत फक्त सुट्टीनिवास म्हणून वापरण्याची अट असते. त्यामुळे जेथे घरांची टंचाई आहे, तेथेच बारमाही राहता न येणारी घरे तयार होतात. वादाचे खरे मूळ हेच आहे. यॉर्कशायर डेल्सच्या २०१६ च्या आराखड्याने रस्त्यालगतच्या बार्नना सुट्टीनिवासाबरोबरच स्थानिकांच्या घरांसाठीही वाट मोकळी केली. वर्षात २१० दिवस उपलब्ध व १०५ दिवस प्रत्यक्ष भाड्याने दिलेल्या सुट्टीनिवासांना मिळणारी आयकरातील विशेष वागणूक एप्रिल २०२५ पासून रद्द झाली आहे.