आगगाडीची वाट आणि विजेची सायकल

सुरतेच्या रेल्वे स्थानकावर पहाटे उभे राहिले म्हणजे दोन दिशांची माणसे एकमेकांत मिसळताना दिसतात. एका बाजूने मुंबई-अहमदाबादच्या गाड्यांतून उतरणारा व्यापारी येतो. दुसऱ्या बाजूने तापीच्या खोऱ्यातून रात्रभर प्रवास करून आलेला खानदेशी कामगार. पहिल्या मार्गाचा आरंभ १८६० मधला. त्या वर्षी बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे कंपनीने अंकलेश्वरपासून तापीच्या उत्तर तीरावरील उत्राणपर्यंत २९ मैलांचा मार्ग खुला केला आणि पुढे १८६४ मध्ये मुंबई व अहमदाबाद जोडली गेली. दुसरा मार्ग तापी व्हॅली रेल्वेचा. एकोणिसावे शतक सरता सरता तो सुरतेहून अंमळनेराकडे पोहोचला. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत आज जी मराठी वस्ती दिसते, तिच्यातील कित्येक घरांचा सुरतेशी संबंध याच रुळांनी जोडला आहे.

या दोन थोरल्या मार्गांच्या मानाने अगदी धाकटा असा एक तिसरा मार्ग सुरतेच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरांवर, बिलीमोरा येथे सुरू होतो आणि डांगच्या सागवानी रानात वघईला जाऊन थांबतो. लांबी ६३ किलोमीटर. दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. परदेशांत अशाच जुन्या, बंद पडलेल्या मार्गांवरून रूळ काढून सायकलींच्या लांब वाटा केलेल्या आहेत, आणि विजेच्या सायकली आल्यापासून त्या वाटांवर प्रौढ माणसेही दिवसेंदिवस प्रवास करतात. सुरतेच्या हौशी सायकलस्वारास हे ऐकून वघईची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. परंतु ही इच्छा कशी पुरवावी आणि कशी पुरवू नये, हे समजण्यास थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

आधी हे पाहू की, लोहमार्गाची वाट सायकलीला इतकी का मानवते. लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज धावते; पण तेच चाक चढावर सहज घसरते. म्हणून मार्ग आखणारा अभियंता शक्यतो शंभर फुटांत एखाद्या फुटाहून अधिक चढ येऊ देत नाही. तो टेकडी कापतो, खळग्यात भराव घालतो, ओढ्यावर मोरी बांधतो. आता विजेच्या सायकलीचा हिशेब पाहावा. आपल्या देशातील नियमांप्रमाणे ज्या सायकलीची मोटार २५० वॅटांहून कमी शक्तीची आणि वेग ताशी २५ किलोमीटरांहून कमी असतो, ती मोटार-वाहन गणली जात नाही. तिला नोंदणी व परवाना लागत नाही. म्हणजे शक्ती सुमारे एक तृतीयांश अश्वशक्ती. स्वार आणि सायकल मिळून वजन १०० किलो धरले व वेग ताशी १८ किलोमीटर धरला, तर शंभरास एक या चढावर केवळ उंची चढण्यासाठी सुमारे ४९ वॅट लागतात. वीस फुटांत एक फूट चढणाऱ्या घाटरस्त्यावर त्याच कामाला २४५ वॅट लागतात. म्हणजे सारी मोटार त्यातच खर्ची पडते. वाफेच्या इंजिनासाठी केलेली ही सपाटी एका लहानशा मोटारीच्या अशी उपयोगी पडते.

वस्तुतः या सपाटीचा पहिला लाभार्थी आपल्या भागात इंजिनही नव्हते, बैल होता. बडोद्याचे खंडेराव महाराज गायकवाड यांनी १८६२ मध्ये डभोई ते मियागाम असा सुमारे २० मैलांचा अडीच फुटी मार्ग बांधविला, आणि त्यावरील डबे बैल ओढीत असत. लगेच पुढच्या वर्षी विलायतेहून इंजिने आली. परंतु रूळ हलके असल्यामुळे ती नीट चालेनात. जाड रूळ घालण्यास १८७३ साल उजाडावे लागले, आणि वाफेची नियमित वाहतूक त्याआधी सुरू होऊ शकली नाही. रूळ बदलले, ओढणारा बदलला; खाली घातलेला भराव मात्र तोच राहिला.

पुढे सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत गायकवाडांच्या या लहान मापाच्या रेल्वेचे जाळे वाढत गेले. नवसारी प्रांतातील बिलीमोऱ्याहून निघणारा मार्ग १९१३ मध्ये सुरू झाला. गणदेवी, चिखली रोड, रानकुवा, अनावल, ऊन पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध असलेले उनाई, मग काळाआंबा, डुंगरडा आणि शेवटी वघई, अशी त्याची ठाणी. डांगच्या सागाला बंदराकडे आणि मुख्य मार्गाकडे आणणे हा त्याचा मोठा हेतू होता. लाकडाच्या पाठोपाठ माणसेही आली. ज्यांची डांगी बोली मराठी आणि गुजराती या दोघींनाही जवळची, असे आदिवासी कुटुंबीय याच गाडीने बाजाराला, दवाखान्याला, मजुरीला खाली उतरू लागले. सागाची वाहतूक पुढे मोटारींकडे गेली, तरी ही माणसे गाडीत बसत राहिली.

आता थोडे परदेशाकडे वळू. मात्र तेथे जाण्याची वाट सोलापूर जिल्ह्यातून आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. तिचेही माप अडीच फुटांचेच. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत वाढली व कित्येक पिढ्यांच्या वारकऱ्यांनी तिचा प्रवास केला. या अनुभवाच्या बळावर कॅलथ्रॉपने इंग्लंडातील स्टॅफर्डशायर परगण्यात, मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात, त्याच मापाची आठ मैलांची रेल्वे उभारण्यास हातभार लावला. ती १९०४ मध्ये सुरू झाली; पण उत्पन्न पुरेना, म्हणून १९३४ मध्ये बंद पडली. रेल्वे कंपनीने मार्गाची जागा तुकडे न पाडता परगण्याच्या कौन्सिलाच्या हवाली केली आणि १९३७ मध्ये त्या भरावावरून पादचाऱ्यांची वाट खुली झाली. अशा प्रकारच्या वाटांमधील ही एक अगदी आरंभीची वाट होय. बार्शीच्या माळावर जे शास्त्र पारखले गेले, त्याच्याच आधारे उभ्या राहिलेल्या मार्गावर आज इंग्रज मुले सायकली चालवतात.

अमेरिकेत मोटारींमुळे शाखामार्ग ओस पडू लागले, तेव्हा विस्कॉन्सिन राज्याने १९६० नंतरच्या दशकात एलरॉय ते स्पार्टा या ३२ मैलांच्या मार्गावरून, तीन बोगद्यांसह, सायकलींची वाट केली. पण लवकरच एक अडचण ध्यानात आली. मार्ग बंद झाला की, त्याची जमीन तुकड्यातुकड्यांनी शेजाऱ्यांकडे जाते. पूल भंगारात निघतात. आणि एकदा साखळीतील चार कड्या गेल्या म्हणजे उरलेल्या शंभर कड्यांची किंमत राहत नाही. म्हणून १९८३ मध्ये तेथील कायद्यात अशी तरतूद झाली की, निरुपयोगी मार्ग मोडून न टाकता भविष्यातील रेल्वेसाठी अखंड राखून ठेवावा आणि तोपर्यंत त्यावरून लोकांनी चालावे, सायकली चालवाव्यात. मिसूरी राज्यातील सुमारे ३८५ किलोमीटरांची ‘केटी’ वाट याच तरतुदीमुळे शक्य झाली. न्यूझीलंडमध्ये ओटागो प्रांतातील १९९० मध्ये बंद झालेल्या मार्गावर २००० साली १५२ किलोमीटरांची वाट पुरी झाली आणि वाटेतल्या ओसाड होत चाललेल्या गावांना मुक्कामी प्रवाशांचा आधार मिळाला.

हे सारे ऐकून एखादा म्हणेल की, आपल्याकडे अशी दूरदृष्टी कोठून येणार! परंतु सुरतेहून सुमारे ७० किलोमीटरांवर भरूचला नर्मदेवर जो ‘गोल्डन ब्रिज’ उभा आहे, त्याचा इतिहास या निराशेला उत्तर देतो. नर्मदेच्या पुरांनी आधीच्या पुलांची दुर्दशा केल्यावर १८७७ मध्ये याचे काम सुरू झाले व १८८१ मध्ये ते पुरे झाले. आगगाडी त्यावरून अर्धशतकाहून अधिक काळ धावली. १९३५ मध्ये शेजारी नवा रेल्वे पूल झाला, तेव्हा जुना पूल मोडला नाही. तो रस्त्याच्या वाहतुकीस दिला गेला. १२ जुलै २०२१ रोजी ‘नर्मदा मैया’ पूल सुरू होऊन वाहतुकीचा मुख्य भार तिकडे वळेपर्यंत, अंकलेश्वर आणि भरूच यांमधील गाड्याघोड्यांना या जुन्या लोखंडी पुलाने पिढ्यानपिढ्या पलीकडे नेले. याच वर्षी जानेवारीत डभोई-चांदोद हा पूर्वीचा अरुंद मार्ग रुंद मापाचा होऊन केवडियापर्यंत गेला. वाट जागेवर असली म्हणजे तिच्यावर पुन्हा आगगाडीही येऊ शकते, याचे हे घरचे उदाहरण.

आता वघईच्या मार्गाकडे परत यावे, कारण खरा प्रश्न तेथेच उभा राहतो. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे गाड्या थांबल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस गुजरातेतील तोट्यात चालणारे शाखामार्ग कायमचे बंद करण्याचा विचार पुढे आला, आणि त्या यादीत बिलीमोरा-वघईचेही नाव होते. हिशेबाच्या वहीत यात आश्चर्य काही नव्हते. तिकीट स्वस्त, गाडी संथ, खर्च मोठा. परंतु ज्यांच्या गावाला पावसाळ्यात मोटार वेळेवर येईलच अशी खात्री नसते आणि ज्यांना मोटारीचे भाडे जड जाते, त्यांच्या लेखी ही गाडी म्हणजे बाजाराचा दिवस होता, आजाऱ्याचा दवाखाना होता. लोकांनी विरोध केला. ४ सप्टेंबर २०२१ रोजी गाडी पुन्हा सुरू झाली. तिला पर्यटकांसाठी एक वातानुकूलित डबाही जोडण्यात आला.

समजा, तेव्हा गाडी बंद झाली असती आणि तिच्या जागी सायकलींची सुरेख वाट आखली गेली असती, तर ती सुधारणा म्हणता आली असती काय? डोक्यावर भाजीची पाटी आणि कडेवर मूल घेतलेल्या बाईला विजेच्या सायकलीचा उपयोग काय? स्टॅफर्डशायर किंवा ओटागो येथे गाडी आधी मेली आणि वाट नंतर आली. हा क्रम उलटा करणे, म्हणजे सायकलस्वाराच्या करमणुकीसाठी चालती गाडी थांबविणे, हा अन्याय होईल. गाडी जिवंत आहे तोवर तिला जगवावे; एखादा मार्ग खरोखरच थांबला, तर त्याची जागा, मोऱ्या आणि पूल अखंड ठेवून लोकांच्या पायांखाली द्यावेत. इतिहासातून निघणारा नियम एवढाच आहे.

मग सुरतेच्या सायकलस्वाराने काय करावे? त्याने गाडीचा सोबती व्हावे. चालत्या मार्गावर किंवा त्याच्या हद्दीत सायकल नेणे धोक्याचे तर आहेच, शिवाय तो कायद्याने गुन्हा आहे. म्हणून गावांमधून जाणाऱ्या साध्या रस्त्याने, ठाण्यामागून ठाणे घेत जावे. रस्त्याला लोहमार्गाइतकी सपाटी नसते, हे आधीच गृहीत धरावे. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास अशा बॅटरीत ३६० वॅट-तास वीज मावते. पायडल मारीत गेल्यास किलोमीटराला सुमारे १० वॅट-तास खर्च धरावा; म्हणजे ३६ किलोमीटर झाले. त्यातील एक तृतीयांश चढासाठी, वाऱ्यासाठी आणि वाट चुकण्यासाठी राखून ठेवावा, म्हणजे भरवशाचे अंतर २४ किलोमीटर राहते. ६३ किलोमीटरांच्या मार्गाशेजारून जाताना याचा अर्थ स्पष्ट आहे: मध्ये दोनदा बॅटरी भरली पाहिजे, आणि दोन अँपिअरच्या साध्या चार्जरला रिकामी बॅटरी भरण्यास पाच तास लागतात. तेव्हा एका दिवसात वघई गाठण्याचा हट्ट सोडून उनाईला मुक्काम करावा. ज्याच्या घरची वीज घ्यावयाची त्याला आधी विचारावे आणि तिचे मोल द्यावे. चाकाची दुरुस्ती स्वतःस यावी; जास्तीची नळी आणि पंप जवळ असावा. डांगच्या पावसाळ्यात आणि वैशाखाच्या उन्हात ही फेरी काढू नये. कार्तिक ते माघ हे महिने उत्तम. वघईपुढे सापुताऱ्याचा घाट आहे. तेथे वर सांगितलेला २४५ वॅटांचा हिशेब प्रत्यक्ष समोर येतो. ज्याच्या पायांत बळ नाही त्याने मोटारीचा हेका न धरता वघईहूनच परतावे.

परतीचा प्रवास मात्र गाडीने व्हावा. सायकल सामानात घेतात की नाही, याची चौकशी जातानाच स्थानकावर करून ठेवावी. न घेतल्यास सोबत्यांनी आळीपाळीने गाडीत बसावे. संथ चालणाऱ्या त्या डब्यात शेजारी कोणी वघईच्या बाजाराहून परतणारा शेतकरी असेल, कोणी उनाईस उतरणारी म्हातारी. एकशेदहा वर्षांहून अधिक काळ तो भराव त्यांच्यासाठी पावसाला तोंड देत उभा आहे. सायकलस्वाराने काढलेले एक तिकीटही त्या मार्गाच्या हिशेबात जमेच्या बाजूला पडते.