चौसष्ट एमबी आणि एक भूकंप

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिही, असा संयोजकांचा निरोप आला तेव्हा मला हसू आलं. इतिहासात मी किती पाण्यात होते, हे बाईंना आठवत असेलच. म्हणून राजे-सरदार बाजूला ठेवून माझ्या धंद्यातला, पण तासगावात घडलेला इतिहास सांगते.

साल १९९९. दहावी होऊन तीन वर्षं झाली होती. मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. घरी नुकताच असेम्बल्ड कॉम्प्युटर आला होता. कंपनीचा तयार कॉम्प्युटर परवडायचा नाही. मदरबोर्ड, प्रोसेसर, हार्ड डिस्क असा सुटा माल आणून गावातले दुकानदार जोडून द्यायचे. आमची रॅम होती ३२ एमबी. विंडोज ९८ ला किमान १६ लागायची, म्हणजे चालण्यापुरतं चालायचं. पण कॉलेजचा प्रोग्रॅम कम्पाइल करायला घेतला की हार्ड डिस्कचा दिवा विझायचाच नाही.

आण्णांना मी ते बेदाण्याच्या भाषेत समजावलं. रॅम म्हणजे निवडणीचं टेबल, हार्ड डिस्क म्हणजे कोल्ड स्टोरेज. टेबल लहान असलं की काम कमी आणि हेलपाटेच जास्त. आण्णांना लगेच पटलं.

दुकान आपल्याच एका वर्गमित्राच्या थोरल्या भावाचं. गणपतीआधी त्यांनी ६४ एमबीचा भाव सांगितला. आण्णा म्हणाले, "दसऱ्याला घेऊ." १३ सप्टेंबरला चतुर्थी झाली, दुसऱ्या दिवशी रथ ओढला. दसऱ्याला पैसे घेऊन गेलो, तर भाव दुपटीच्या वर.

"वरूनच वाढून आलाय काका. तैवानला भूकंप झालाय."

"भूकंप तैवानला आणि भाव तासगावात? आम्हाला खुळं समजतोस काय?" आण्णा चार गिऱ्हाइकांसमोर बोलले. मीही मान डोलावली. त्या दुकानाची पायरी आम्ही पुन्हा चढलो नाही.

नोकरी लागल्यावर कधीतरी वाचनात आलं. २१ सप्टेंबर १९९९ च्या पहाटे तैवान हादरलं होतं, दोन हजारांहून जास्त माणसं गेली होती. केंद्रापासून शंभरेक किलोमीटरवरच्या शिंचूमध्ये चिप बनवणारे कारखाने आहेत. तिथली वीज गेली. चिप एका दिवसात होत नाही, चकतीवर आठवडेच्या आठवडे थर चढवावे लागतात. मध्येच वीज गेली की भट्टीतला माल वाया. मेमरीचे भाव उन्हाळ्यापासून चढतच होते, ते आता जगभर भडकले.

रॉबर्ट डेनार्ड यांना एका ट्रान्झिस्टरच्या मेमरीचं पेटंट १९६८ मध्ये मिळालं. इंटेलची १९७० ची चिप जेमतेम १०२४ बिट साठवायची. तीस वर्षांत तिथून ६४ एमबीची पट्टी तासगावच्या काउंटरवर आली, ती मोजक्या देशांतल्या मोजक्या कारखान्यांमुळे. एक थांबला की सगळीकडे टंचाई. आवक घटली की भाव चढतो, हे सौद्यात आयुष्य गेलेल्या आण्णांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी आम्हाला ते दिसलं नाही. आठवीत किल्लारीसाठी आपण घरोघरी कपडे गोळा केले होते. तो भूकंप आपल्याला कळला. हा भाव होऊन आला, म्हणून लबाडी वाटला.

२००१ मध्ये मेमरीचे भाव कोसळले. तेव्हा मी सांगलीतून ६४ एमबीची पट्टी आणली. वायर काढली, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, खाच जुळवून पट्टी दाबली. दोन्ही पांढऱ्या कड्या टक् करून बसल्या. काळ्या पडद्यावर आकडे पळत ९८३०४ वर थांबले. आण्णा शेजारीच उभे होते.

भूकंपाचं मी त्यांना पुढे सांगितलं. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "त्याला भेटायला पाहिजे." ते राहून गेलं. दुकान तोवर बंद झालं होतं, आणि आता आण्णाही नाहीत.

मेळाव्याला तो मित्र येणार आहे. त्याच्याकडून दादांचा पत्ता घेईन. बेदाण्याची एक पेटी घेऊन जायचं आहे.