ऑप्टिकल फायबर जाळ्याची मदार सांध्यांवर

देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना ब्रॉडबँडने जोडण्याच्या योजनेला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे तिलाच ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. चर्चा होते ती किती किलोमीटर केबल टाकली याची; सेवा टिकते ती मात्र सांध्यांच्या बळावर.

काचेच्या तंतूचा व्यास १२५ मायक्रॉन असतो आणि सिंगल मोड प्रकारात प्रकाश वाहून नेणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. दोन गाभे अचूक समोरासमोर यावेत, यासाठी तंतूचे आवरण सोलून, तो अल्कोहोलने पुसून काटकोनात कापतात आणि फ्यूजन स्प्लायसिंग यंत्रात विद्युत ठिणगीने वितळवून जोडतात. उत्तम सांध्यात घट ०.१ डेसिबलहून कमी राहते. संरक्षक नळी जोडणीपूर्वीच तंतूवर सरकवावी लागते. ती विसरल्यास सांधा तोडण्यावाचून गत्यंतर नसते.

त्यानंतरची मांडणी अधिक दुर्लक्षित. बारा तंतूंचा रंगक्रम निळ्यापासून सुरू होतो आणि त्याच क्रमाने ते ट्रेमध्ये वेटोळे करून बसवतात. वेटोळे फार आवळले, तर वळणावर प्रकाश निसटतो. कोणता तंतू कुठे जातो याची नोंद नसेल, तर दुरुस्तीच्या वेळी चालू तंतू निघून दुसऱ्याच गावाची सेवा खंडित होऊ शकते.

रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली की ओटीडीआर उपकरणाने तुटीचे अंतर मोजतात. परंतु हे अंतर तंतूच्या लांबीचे असते, रस्त्याचे नव्हे. वाटेत राखून ठेवलेल्या जादा वेटोळ्यांची लांबी नोंदलेली नसल्यास पथक भलत्याच ठिकाणी खड्डा खणते.