एका गीतपरंपरेचे उत्तरायुष्य : टोनी बेनेटची गायकी

कोणत्याही कलाप्रकाराला ‘पारंपरिक’ हे विशेषण त्याच्या ऐन बहरात लागत नाही. तो सर्वांच्या ओठी असतो तोवर त्याला नुसते ‘गाणे’ म्हणतात. दुसरे काही येऊन त्याची जागा घेते, तेव्हा मागे वळून त्याचे नामकरण होते. अमेरिकेतील ज्या गायनाला आज ‘ट्रॅडिशनल पॉप’, म्हणजे पारंपरिक लोकप्रिय गायन म्हणतात, त्याचे असेच झाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते त्या देशाचे चालू, बाजारातले, रोजचे गाणे होते. ग्रॅमी पारितोषिकांत त्याच्यासाठी ‘पारंपरिक’ असा स्वतंत्र वर्ग मात्र १९९२ च्या सोहळ्यात प्रथम अवतरला. टोनी बेनेट (१९२६–२०२३) हा गायक या गाण्याच्या बहराच्या अखेरीस उदयाला आला, त्याच्या पडत्या काळात टिकला, आणि त्याला ‘पारंपरिक’ म्हणून नवे आयुष्य लाभले तेव्हा त्याचा अग्रणी ठरला. त्यामुळे चालू गाण्याची परंपरा कशी बनते आणि त्यासाठी कोणाला काय मोजावे लागते, या प्रश्नाचा विचार त्याच्या कारकीर्दीच्या आधारे करता येतो.

या परंपरेचे अधिष्ठान गीतकार व संगीतकार यांच्या कामगिरीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यू यॉर्कमध्ये गाण्यांच्या छापील प्रती विकणाऱ्या प्रकाशकांची जी वस्ती ‘टिन पॅन ॲली’ या नावाने ओळखली जाऊ लागली, तिच्यातून आणि पुढे ब्रॉडवेच्या संगीतिकांतून व हॉलिवूडच्या बोलपटांतून हे गीतभांडार उभे राहिले. अर्व्हिंग बर्लिन, जेरोम कर्न, जॉर्ज व आयरा हे गर्श्विन बंधू, कोल पोर्टर, रिचर्ड रॉजर्स व लॉरेन्झ हार्ट, हॅरोल्ड आर्लन ही त्यातील ठळक नावे. बत्तीस लहान आवर्तनांचा बांधीव साचा, त्यात आठ-आठ आवर्तनांचे चार भाग, बहुधा तिसरा भाग वेगळ्या चालीचा, आणि बोलभाषेतून घडवलेली चतुर शब्दयोजना, असे या गीताचे रूप असे. अनेक गीते संगीतिकेतील एखाद्या पात्रासाठी लिहिली गेली. पुढे संगीतिका विस्मृत झाल्या आणि गीते उरली. प्रसंगापासून सुटलेले गीत मग कोणाही समर्थ गायकाच्या मुखी शोभू लागले. भारतीय संगीतातील बंदिशीशी त्याचे काहीसे साम्य आहे. रचनाकार एक, गाणारे अनेक, आणि प्रत्येकाने ती रचना नव्याने मांडावयाची, ही रीत दोहोंकडे सारखीच. ख्यालगायक मात्र शब्दाला स्वरविस्तारात विरघळू देऊ शकतो. अमेरिकन गीताच्या गायकाला ती मोकळीक नाही. शब्दाचा अर्थ सांभाळूनच त्याला लयीशी खेळावे लागते. या अर्थाने तो गीताचा भाष्यकार होय.

हे भाष्य शक्य केले ते मायक्रोफोनने. १९२५ च्या सुमारास विद्युत् ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि नाट्यगृहाच्या अखेरच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची गरज संपली. बिंग क्रॉस्बीने मायक्रोफोनजवळ हलक्या, संवादी आवाजात गाण्याची वाट रूढ केली. फ्रँक सिनात्राने ट्रॉम्बोनवादक टॉमी डॉर्सीच्या श्वासनियंत्रणापासून धडा घेऊन लांब, अखंड वाक्यांशांची गायकी घडवली. तरीही १९४० पर्यंत गायक हा वाद्यवृंदाचा एक घटकच होता. ऑगस्ट १९४२ मध्ये वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला; मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तो नोव्हेंबर १९४४ पर्यंत चालला. बहिष्कार वादकांपुरता असल्याने कंपन्यांनी गायकांना केवळ कोरसच्या साथीवर गाऊन घेतले. महायुद्ध संपता संपता मोठे वाद्यवृंद मोडकळीस आले आणि गायक अग्रस्थानी आला. बेनेटचा प्रवेश झाला तो या मोक्याच्या क्षणी.

अँथनी डॉमिनिक बेनेडेटो याचा जन्म ३ ऑगस्ट १९२६ रोजी न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात झाला. वडील इटलीच्या कालाब्रिया प्रांतातून आलेले, व्यवसायाने किराणा दुकानदार. आई शिवणकाम करणारी. तो दहा वर्षांचा असताना वडील वारले. शाळेत चित्रकला व संगीत शिकत असतानाच, सोळाव्या वर्षी, घर चालवण्यासाठी त्याला शिक्षण सोडावे लागले. १९४४ च्या अखेरीस तो सैन्यात भरती झाला व १९४५ मध्ये जर्मनीतील आघाडीवर लढला. डाखाऊच्या छळछावणीशी संलग्न असलेल्या एका छावणीच्या मुक्ततेतही त्याच्या तुकडीचा सहभाग होता. युद्ध संपल्यावर, एका कृष्णवर्णीय मित्रासमवेत भोजन केल्याच्या कारणावरून वरिष्ठांनी त्याला खालच्या हुद्द्यावर उतरवले. मार्च १९६५ मध्ये तो माँटगोमेरी येथे नागरी हक्कांच्या मोर्चेकऱ्यांपुढे गायला, त्या कृतीची मुळे या अनुभवापर्यंत जातात.

सैनिकांसाठीच्या शिष्यवृत्तीवर बेनेटने इटालियन ‘बेल कांतो’ पद्धतीचे शिक्षण घेतले. गायकांचे अनुकरण करू नये, वादकांचे करावे, हा एका शिक्षिकेचा उपदेश त्याला जन्मभर पुरला. पियानोवादक आर्ट टेटम आणि सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ यांचे वादन तो याच दृष्टीने ऐकत असे. त्याच्या गायकीची जडणघडण अशी मिश्र आहे. आवाजाची बैठक इटालियन, लयीची जाण कृष्णवर्णीयांच्या जॅझमधून आलेली. ज्या गीतांवर त्याने आयुष्य वाहिले, त्यांपैकी कित्येक यहुदी स्थलांतरितांनी किंवा त्यांच्या मुलांनी रचलेली होती. बर्लिन हा रशियन साम्राज्यातून बालपणी आलेला, तर आर्लन हा यहुदी प्रार्थनामंदिरातील गायकाचा पुत्र. पुढे ‘अमेरिकन परंपरा’ म्हणून जिचा गौरव झाला, ती बव्हंशी अशा नवागतांनी आणि उपेक्षितांनी घडवली. परंपरेचे शुद्ध, एकजिनसी मूळ शोधू पाहणाऱ्याने हे उदाहरण अवश्य ध्यानी ठेवावे.

१९४९ मध्ये गायिका पर्ल बेली हिने त्याला आपल्या कार्यक्रमात संधी दिली. तेथे बॉब होपने त्याला हेरले आणि ‘टोनी बेनेट’ हे सुटसुटीत नाव दिले. १९५० मध्ये मिच मिलरने त्याला कोलंबिया कंपनीत घेतले. १९५१ मधील ‘बिकॉज ऑफ यू’ या ध्वनिमुद्रिकेने त्याला अफाट लोकप्रियता मिळवून दिली. मिलरची दृष्टी बाजारावर, बेनेटची जॅझवर. या ओढाताणीत उभयतांची तडजोड होत राहिली. या वादात गायकाचीच बाजू नेहमी बरोबर होती असे मात्र नाही. हँक विल्यम्सचे ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ हे ग्रामीण वळणाचे गीत गाण्यास बेनेट नाखूष होता; मिलरच्या आग्रहाने तो ते गायला, आणि तेही १९५१ मध्ये अग्रस्थानी पोहोचले.

१९५७ मध्ये पियानोवादक राल्फ शॅरन त्याच्याबरोबर आला आणि बेनेटच्या गायनाला हवी ती दिशा मिळाली. त्या वर्षीच्या ‘द बीट ऑफ माय हार्ट’ या संचात त्याने जॅझमधील श्रेष्ठ तालवादकांसह गाण्याचा प्रयोग केला. पाठोपाठ काउंट बेसीच्या वाद्यवृंदाबरोबर तो गायला. ज्या गीताशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले, ते ‘आय लेफ्ट माय हार्ट इन सॅन फ्रान्सिस्को’ हे शॅरनजवळ पडून होते. जॉर्ज कोरी आणि डग्लस क्रॉस या फारशा प्रसिद्ध नसलेल्या जोडीने, न्यू यॉर्कमध्ये राहत असता सोडून आलेल्या शहराच्या ओढीने ते रचले होते. जानेवारी १९६२ मध्ये ते मुद्रित झाले, तेही तबकडीच्या दुय्यम बाजूसाठी. श्रोत्यांनी तबकडी उलटवली, आणि त्या गीताला त्या वर्षाच्या सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिकेचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. जून १९६२ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये त्याची मैफल झाली. १९६५ मध्ये सिनात्राने एका लेखात आपल्या व्यवसायातील सर्वोत्तम गायक म्हणून बेनेटचे नाव घेतले.

तथापि या यशाखालची जमीन सरकत होती. १९५६ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली आणि १९६४ मध्ये बीटल्स यांनी तरुण श्रोता आपल्याकडे खेचून नेला. नव्या प्रवाहात स्वतःची गीते स्वतः रचून गाण्याची रीत पडली; दुसऱ्याच्या गीताचे भाष्य करणारा गायक जुनापुराणा वाटू लागला. कोलंबियाच्या नव्या चालकांनी चालू गीते गाण्याचा आग्रह धरला. त्याचे फळ म्हणजे १९७० मधील ‘टोनी सिंग्ज द ग्रेट हिट्स ऑफ टुडे!’ हा संच. त्यात बीटल्सची गीतेही आहेत. त्या गीतांत खोट नाही. परंतु बेनेटची गायकी ज्या शब्दवळणावर पोसली होती ते त्यांत नव्हते, आणि हा विसंवाद ऐकताना जाणवतो. १९७२ मध्ये त्याने कोलंबिया सोडली.

येथे कालक्रमाचा एक योग विचारात घ्यावा असा आहे. एला फिट्झजेराल्डने एकेका संगीतकाराच्या गीतांचे स्वतंत्र संच गाण्यास १९५६ मध्ये कोल पोर्टरपासून प्रारंभ केला. विखुरलेल्या गीतांना ग्रंथावलीचे रूप त्या मालिकेने दिले, आणि ते प्रेस्लीच्या उदयाच्याच वर्षी. ॲलेक वाइल्डरचा ‘अमेरिकन पॉप्युलर साँग’ हा या गीतांची सूक्ष्म चिकित्सा करणारा ग्रंथ प्रकाशित झाला तो १९७२ मध्ये. गीते अभ्यासकाच्या मेजावर मानाने विराजमान झाली, त्याच वर्षी त्यांचा एक श्रेष्ठ गायक आपल्या जुन्या कंपनीबाहेर पडला होता. परंपरेची प्रतिष्ठा आणि परंपरा चालवणाऱ्याची उपजीविका या दोन गोष्टी बरोबर चालतातच असे नाही. साहित्याच्या इतिहासातही याचे दाखले विपुल आहेत.

या पडत्या काळातच बेनेटचे बहुधा सर्वांत सखोल काम झाले. पियानोवादक बिल एव्हान्सबरोबर त्याने दोन संच केले; पहिला १९७५ मध्ये, दुसरा १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत वाद्यवृंद नाही, तालवाद्य नाही. केवळ एक पियानो आणि एक आवाज. तरुणपणी गीताचा शेवट उंच स्वरावर नेऊन टाळी घेण्याची जी सवय बेनेटला होती, तिला येथे थारा नाही. एव्हान्स स्वरसंगतीत किंचित बदल करतो आणि गायकाला तोच शब्द वेगळ्या छायेत उच्चारावा लागतो. गायन हे भाष्य कसे असते हे पाहावयाचे असेल, तर या दोन संचांइतके उत्तम साधन क्वचितच सापडेल. खप मात्र बेताचाच होता. बेनेटने स्वतः काढलेली ‘इम्प्रॉव्ह’ ही कंपनी १९७७ मध्ये बंद पडली. कर्ज, थकलेले कर आणि अमली पदार्थ यांच्या विळख्यात सापडून १९७९ मध्ये तो मृत्यूच्या दारातून परतला.

त्यानंतर थोरला मुलगा डॅनी याने व्यवस्था हाती घेतली. त्याचे धोरण वरकरणी विरोधाभासी होते. गायक, गीते, पोशाख, साथ यांपैकी काहीच बदलावयाचे नाही. बदलावयाचा तो श्रोता. मध्यंतरी दुरावलेला राल्फ शॅरन परत आला. १९८६ मध्ये ‘द आर्ट ऑफ एक्सलन्स’द्वारे बेनेट कोलंबियाकडे परतला, आणि निवडीचे स्वातंत्र्य राखून परतला. तरुणांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांतून तो दिसू लागला. १९९४ मध्ये एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’ या मालिकेत तो केवळ शॅरनच्या त्रयीच्या साथीने गायला; त्या संचाला १९९५ मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट संचाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. २०११ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, आणि पुन्हा २०१४ मध्ये, लेडी गागासह, त्याचे संच अमेरिकेच्या विक्रीतक्त्यात प्रथम क्रमांकावर गेले.

या पुनरुत्थानाला स्मरणरंजन म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. जाहिरातीचे कौशल्य आणि बाजाराची गणिते त्यात होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु १९९४ मधील विशीतल्या श्रोत्याजवळ या गीतांची कोणतीही आठवण नव्हती. जे अनुभवलेच नाही त्याचे स्मरणरंजन होत नाही. त्याच्या दृष्टीने ती गीते नवीनच होती. बेनेटच्या आवाजातही पालट झाला होता. पल्ला आखडला, पोत खरबरीत झाला, लांब स्वरांची जागा बोलण्याजवळ जाणाऱ्या छोट्या वाक्यांशांनी घेतली. पंचविशीतल्या गायकाने गायलेली विरहाची ओळ ही अभिनयाची बाब असते; सत्तरीतल्या गायकाच्या मुखी तीच ओळ साक्षीचे रूप घेते. सिनात्रा गीताला आपल्या चरित्राचा रंग देत असे. बेनेट स्वतःला मागे ठेवून शब्द पुढे करी, आणि म्हणूनच त्याच्या वार्धक्याचा भार गीतावर पडला नाही, गीतालाच त्याचा लाभ झाला.

२०१६ मध्ये बेनेटला अल्झायमर रोगाचे निदान झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये कुटुंबीयांनी ते जाहीर केले. त्याच वर्षी ३ व ५ ऑगस्ट रोजी, ९५ व्या वाढदिवसाच्या निमित्ताने, न्यू यॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये त्याच्या अखेरच्या मैफली झाल्या. दैनंदिन व्यवहारातील स्मृती विरत चालली असताना साथ सुरू होताच गीते मात्र शब्दांसह उमटत होती. संगीताची स्मृती या रोगात पुष्कळदा उशिरापर्यंत टिकते. त्यात चमत्कार मानण्याचे कारण नाही. परंतु सात दशके दररोज अर्थाचा विचार करून उच्चारलेले शब्द माणसात किती खोल रुजतात, हे त्या दोन संध्याकाळी दिसले. २१ जुलै २०२३ रोजी वयाच्या ९६ व्या वर्षी तो निवर्तला.

परंपरा ग्रंथांत, संचांत, पारितोषिकांच्या वर्गवारीत जतन होते, आणि ते आवश्यकही आहे. पण या जतनाला जिवंतपणा येतो तो कोणी तरी ती रचना आज, स्वतःच्या आजच्या आवाजात, पुन्हा उच्चारतो तेव्हा. बेनेटच्या थोरवीचे मोजमाप त्याच्या दीर्घायुष्यावरून किंवा विक्रीच्या आकड्यांवरून करू नये. ज्या काळात ही गीते ऐकावयास कोणी उत्सुक नव्हते, त्या काळात एका पियानोच्या साथीने तो ती अधिक बारकाईने गात राहिला, ही त्याची कमाई होय. ‘पारंपरिक’ हे विशेषण त्याला पुढे मिळाले. त्याचे मोल त्याने आधीच चुकते केले होते.