फोम चिकटवूनही घरच्या स्टुडिओतलं मिक्स का फसतं? खोलीचा आवाज सुधारायचा कसा?

घरच्या स्पीकरवर भारदस्त वाटलेलं गाणं गाडीत लावलं की बास गायब होतो आणि मोबाईलवर गायकाचा आवाज टोचू लागतो. घरी गाणी मिक्स करणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव कधी ना कधी येतो. मग दोष स्पीकरला दिला जातो, नवे प्लग-इन घेतले जातात. पण अनेकदा खरा दोष असतो खोलीचा.

स्पीकरचा आवाज कानापर्यंत आधी थेट येतो आणि मग भिंती, छत, टेबल यांवर आपटून पुन्हा येतो. लहान खोलीत ही दुसरी फेरी काही मिलिसेकंदांतच पोहोचते, त्यामुळे कानाला दोन्ही आवाज वेगळे ओळखता येत नाहीत. खोली बास फुगवत असेल, तर मिक्स करणारा गाण्यातला बास कमी करतो. तेच गाणं दुसरीकडे वाजलं की पोकळ वाटतं.

साउंडप्रूफिंग वेगळं, ट्रीटमेंट वेगळी

या दोन गोष्टींची गल्लत केल्याने सर्वाधिक पैसे वाया जातात. साउंडप्रूफिंग म्हणजे आवाज खोलीबाहेर जाऊ न देणं किंवा आत येऊ न देणं. त्यासाठी वजनदार भिंती, जाड दरवाजा आणि फटी पूर्ण बंद करणं लागतं. अकॉस्टिक ट्रीटमेंट म्हणजे खोलीच्या आत आपटणारा आवाज शोषून घेणं. भिंतीवर फोम लावल्याने शेजाऱ्यांची तक्रार थांबत नाही आणि रस्त्यावरचा हॉर्नही बंद होत नाही.

लहान खोलीत बासच का बिघडतो?

ध्वनीचा हवेतला वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर आहे. त्यामुळे 56 हर्ट्झच्या लहरीची लांबी होते सुमारे 6.1 मीटर, म्हणजे 20 फूट. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये 10 फुटांचं अंतर असेल, तर बरोबर अर्धी लहर त्यात बसते आणि तिथेच घुमत राहते. भिंतीजवळ हा सूर फुगतो, खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो.

आता फ्लॅटमधली 10 बाय 12 फुटांची आणि 10 फूट उंच खोली घेऊ. रुंदी आणि उंची सारखीच असल्याने दोन्हीकडून 56 हर्ट्झ घुमतो, तर लांबीमुळे 47 हर्ट्झ. बास गिटारची सर्वांत खालची तार 41 हर्ट्झवर वाजते. म्हणजे गाण्याचा पाया असतो त्याच भागात खोली ढवळाढवळ करते. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी असलेली खोली यात सर्वांत वाईट.

आणखी एक फरक लक्षात घ्यायला हवा. यूट्यूबवरचे बरेच सल्ले अमेरिकेतल्या घरांसाठीचे असतात. तिथल्या भिंती बहुधा लाकडी चौकटीवर जिप्सम बोर्ड लावून केलेल्या असतात. त्या थोड्या थरथरतात आणि काही बास खाऊन टाकतात. आपल्याकडच्या वीट-काँक्रीटच्या भिंती बास जवळजवळ जसाच्या तसा परत फेकतात. म्हणून इथे बासचा बंदोबस्त जास्त करावा लागतो.

फोम आणि अंड्यांच्या ट्रेचं काय?

1000 हर्ट्झच्या लहरीची लांबी 34 सेंटिमीटर असते, 100 हर्ट्झच्या लहरीची तब्बल 3.4 मीटर. एक इंची फोम फक्त वरचे, तीव्र आवाज शोषतो. सगळ्या भिंती त्याने भरल्या तर चमक मरते, बास तसाच घुमतो आणि खोली कोंडल्यासारखी वाटते.

अंड्यांचे ट्रे स्टुडिओतल्या फोमसारखे दिसतात, इतकंच. महत्त्व आकारापेक्षा मालाला असतं. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सबाइन यांच्याकडे अतिशय घुमणारं एक व्याख्यानगृह सुधारण्याचं काम आलं. दुसऱ्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून, त्या कमी-जास्त करत त्यांनी घुमारा मोजला. घुमारा किती वेळ टिकतो हे खोलीच्या घनफळावर आणि आतल्या आवाज शोषणाऱ्या मालावर ठरतं, हे सूत्र त्या कामातून मिळालं. ट्रेचा पातळ पुठ्ठा फारसं काही शोषत नाही.

आगीचा धोका वेगळाच. साधा पॉलियुरेथेन फोम झपाट्याने पेटतो आणि विषारी धूर सोडतो. 2003 मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये ‘द स्टेशन’ या नाइटक्लबच्या भिंतींवरच्या अशाच फोमने आतषबाजीच्या ठिणग्यांमुळे पेट घेतला. त्यात 100 जणांचा जीव गेला. वायर आणि गरम होणारी उपकरणं असलेल्या खोलीत गादीचा फोम चिकटवू नये.

आधी फुकटचे उपाय

- स्पीकर रुंदीच्या, म्हणजे छोट्या भिंतीपाशी ठेवून खोलीच्या लांबीच्या दिशेने वळवावेत.
- दोन्ही स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा. ट्वीटर कानाच्या उंचीवर हवेत.
- डाव्या आणि उजव्या भिंतीपासूनचं अंतर सारखं ठेवावं.
- खोलीच्या मधोमध किंवा मागच्या भिंतीला टेकून बसू नये. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण 38 टक्के अंतरावर बसून सुरुवात करावी, मग पुढे-मागे सरकून पाहावं.
- लोखंडी कपाट, खिडकीची काच बासवर खडखडत असेल तर आधी ती बसवावी.

पॅनेल कुठे लावायचे?

पहिला मान कोपऱ्यांचा. तिथे सगळ्या दिशांचे घुमारे एकत्र येतात. घनता दर घनमीटरला 48 ते 64 किलो असलेल्या रॉकवूलच्या 50 मिलिमीटरच्या दोन पाट्या एकावर एक ठेवल्या की चार इंची पॅनेल होतं. लाकडी चौकट सुतार करून देतो. हे पॅनेल कोपऱ्यात तिरकं, जमिनीपासून छतापर्यंत उभं करायचं.

दुसरी जागा बाजूच्या भिंतींवर. ऐकण्याच्या जागी बसावं आणि दुसऱ्याने भिंतीवर आरसा सरकवत न्यावा. आरशात स्पीकर दिसेल तिथे पॅनेल लावायचं. छतासाठीही हीच युक्ती चालते. त्यानंतर मागची भिंत.

पॅनेलमागे दोन ते चार इंच मोकळी जागा सोडावी. भिंतीला लागून हवा फारशी हलत नाही, थोडं पुढे आल्यावर हलते, आणि रॉकवूल या हालचालीवरच काम करतं. वरून लावायच्या कापडातून फुंकर आरपार गेली पाहिजे. काम करताना मास्क आणि हातमोजे घालावेत, कारण रॉकवूलचे तंतू खाज आणतात. पॅनेल कापडाने सर्व बाजूंनी नीट बंद करावं. भाड्याच्या घरात पाय लावलेली सुटी पॅनेल सोयीची, घर बदललं तरी सोबत नेता येतात.

फरक पडला हे कसं कळणार?

‘रूम ईक्यू विझार्ड’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मोजणीचा माइक ऐकण्याच्या जागी ठेवून पॅनेल लावण्याआधी आणि नंतर आलेख काढावा. आलेखातला उंचवटा इक्वलायझरने थोडा दाबता येतो, पण लहरी एकमेकींना खोडून पडलेला खड्डा आवाज वाढवून भरत नाही. त्यासाठी जागा बदलणं किंवा जाड पॅनेलच लागतं.

दहा फुटांच्या खोलीचा आलेख कधीच सपाट होत नाही, तसा तो व्हायची गरजही नाही. माहितीची गाणी त्याच जागी रोज ऐकावीत आणि बासचे निर्णय हेडफोनवर पडताळून पाहावेत. बजेट एकाच गोष्टीपुरतं असेल, तर ते कोपऱ्यातल्या जाड पॅनेलवर खर्च करावं.